फोटोतला पूल आणि खरा पूल

भर उन्हाळ्यात जुनं शहर बघायचं, सोबत दोन मुलं आणि सासूबाई. त्यामुळे सुट्टीसाठी भाड्याने घ्यायच्या घराला पोहायचा पूल हवाच होता. पहिल्या वेळी बुकिंगच्या साइटवर ‘स्विमिंग पूल’चा फिल्टर लावला, फोटो बघितला आणि पैसे भरून मोकळी झाले. जाऊन बघते तर गच्चीवर हौदाएवढं डबकं! वाइड अँगलची करामत. वर पाटी: 12 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही.

पुढच्या वेळी उलटीकडून सुरुवात केली. आधी नकाशाचा सॅटेलाइट व्ह्यू. शेजारी उभ्या असलेल्या गाडीशी पूल ताडून पाहायचा. साधी गाडी 4 ते साडेचार मीटर धरली की अंदाज येतो. जुन्या गावठाणात घरं एकमेकांना खेटून, तिथे मोठा पूल मिळणं अवघडच. म्हणून वेशीबाहेर, पण थेट बसच्या मार्गावर शोधलं.

मग घरमालकांना मेसेज: पाणी किती खोल? कुठल्या महिन्यांत, किती ते किती उघडा? मुलांना चालतं? पूल फक्त आपला की सगळ्यांचा? एकाने “मुलांना खूप आवडतो” एवढंच कळवलं. तो बाद.

एसी झोपायच्या खोलीत आहे ना, हेही विचारलं. जाड दगडी भिंती दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब आत सोडत बसतात.

या वेळी सकाळी भटकंती, दुपारी पाण्यात. पाण्याची खोली 1.4 मीटर निघाली, सांगितली होती तेवढीच. धाकटीच्या दंडाला फुगे बांधले, सासूबाई काठावर पाय सोडून बसल्या.