2142 सालचं नेचं छापायचं कसं

माझ्या वहीत बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीच्या रानातली, 2142 सालची कल्पनेतली झाडं आहेत, निळ्या छपाईत (सायनोटाइप) उतरवलेली. साल मुद्दाम धरलंय, कारण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं ही छपाई शोधली 1842 मध्ये, म्हणजे बरोबर तीनशे वर्षं आधी.

फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं, 25 ग्रॅम. पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या 100 मिली पाण्यात विरघळवा. हातमोजे हवेतच, आणि आम्ल जवळ नको. पडदे ओढून दोन्ही समसमान मिसळा, जाड कागदावर ब्रशनं लावा, अंधारात वाळवा.

आता गंमत. नेच्याच्या पानाला जुन्या रेडिओतली तांब्याची तार गुंडाळा, ते वाळल्या कागदावर ठेवा, वर काच, चिमटे. शहापुरातल्या आमच्या गच्चीवर मार्चच्या उन्हात पंधरा मिनिटं पुरतात. जुलैत नादच सोडा. एकदा आईनं सांडगे सरकवताना काचही सरकवली. पानाला दोन सावल्या आल्या. तेच चित्र माझं सर्वांत लाडकं!

साध्या पाण्यात पिवळेपणा जाईतो धुवा. साबणाची बादली नको, निळा उडतो.

शेवटी चित्राखाली झाडाच्या माहितीची चिठ्ठी. इथं हात आखडता घ्या, खोटं एकच लिहा. माझी अशी: ‘नेचा. मलप्रभेच्या उगमाजवळ, ओल्या दगडावर. बीजाणू पानामागे. पावसाआधी रेडिओ पकडतो.’