पिनबॉलमधला निऑन बंद पडला? काचेला शेवटी हात लावा

मागच्या जुलैत ऐरोलीच्या एका गृहस्थांचा फोन आला. परदेशातून कायमचे परत येताना त्यांनी घरसामानाबरोबर पिनबॉल मशीनही आणलं होतं (फ्लिपर म्हणजे छोट्या दांड्यांनी पोलादी गोळा उडवत स्कोअर करायचा, तो खेळ). त्यातली निऑन ट्यूब दोन पावसाळे नीट पेटली, तिसऱ्यात लुकलुकायला लागली. "ट्यूब गेलीय, नवीन वाकवून द्या," एवढंच त्यांचं म्हणणं. वागळे इस्टेटमध्ये आमचं साइनबोर्डांचं काम आहे, ऑर्डर घेऊन मोकळा झालो असतो. पण काच क्वचितच दोषी निघते हे इतक्या वर्षांत कळलंय, म्हणून म्हटलं आधी बघतो तरी. अशा मशीनच्या बाबतीत लोक नेहमी करतात त्या चुका खाली एकेक करून सांगतो.

निऑन आहे का, हे न बघताच पार्ट मागवणं

हल्ली 'निऑन' म्हणून बाजारात मिळते ती बहुतेक एलईडीची सिलिकॉन पट्टी. तिला १२ व्होल्ट डीसी पुरतात आणि कापायची ती खुणेवरच. पिनबॉलमध्ये हौसेने बसवलेल्या बऱ्याच 'निऑन' लायटी याच असतात. खरा निऑन म्हणजे काचेची बंद नळी, दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड आणि मागे काही हजार व्होल्टचा सप्लाय. अशी मशीनं थोडीच. १९९७ साली आलेल्या बॅली कंपनीच्या 'सर्कस व्होल्टेअर' या पिनबॉलमध्ये रॅम्पच्या कडेने खरीखुरी ट्यूब आहे.

मल्टिमीटर लावणं

ही चूक मी स्वतः केलीय, शिकाऊ होतो तेव्हा. पेटत्या ट्यूबच्या टोकांना मीटर लावला. 'टक्' आवाज आला आणि मीटर कायमचा झोपला. हात वाचला हे नशीब. साधा मीटर ६०० नाहीतर १००० व्होल्टचा, त्याचं इथे काम नाही. सप्लाय आणि ट्यूब यांतलं दोषी कोण हे शोधायचं तर मशीन बंद करून, प्लग काढून, चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी ट्यूब त्या सप्लायला जोडून बघावी. निऑनवाल्यांकडे हातात धरायचा हाय फ्रिक्वेन्सी टेस्टर असतो. त्याचं टोक काचेजवळ नेलं आणि लाल निऑनची नळी स्वच्छ लालसर-नारिंगी पेटली, तर गॅस ठीक. मळकट जांभळी दिसली किंवा पेटलीच नाही, तर हवा शिरली असं समजा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. इलेक्ट्रॉनिक सप्लायला गळती जाणवली किंवा ट्यूबची जोडणी सुटलेली सापडली, तर त्यातले बरेचसे स्वतःच बंद होतात. लोक 'सप्लाय मेला' म्हणून तो फेकून देतात, आणि नवा आणला की तोही मिनिटभरात बंद पडतो.

पावसाळा विसरणं

खाडीकाठची हवा, त्यात जून ते सप्टेंबर. मशीनच्या आत धूळ बसते, धुळीला ओल धरते आणि हाय टेन्शनला, म्हणजे त्या हजारो व्होल्टना, जमिनीकडे जायला वाट मिळते. याची खूण सोपी आहे. रात्री खोलीतले सगळे दिवे मालवा, मशीन चालू करा आणि वरची काच न काढता इलेक्ट्रोडच्या टोकांकडे बघत राहा. कोपऱ्यात केसाएवढी निळसर रेघ थरथरताना दिसेल, बारीक चिरचिर ऐकू येईल आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा ओझोनचा वास येईल. हे दिसलं की प्लग काढा.

इथे लोक काळी टेप गुंडाळतात. साधी इन्सुलेशन टेप या व्होल्टेजला पुरत नाही, आणि आमच्या उकाड्यात तिचा गोंद पाघळून त्यावर आणखी धूळ बसते. इलेक्ट्रोडवरची टोपी सिलिकॉनचीच हवी आणि वायर निऑनची एचटी (हाय टेन्शन) वायरच. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. प्लायवर किंवा प्लॅस्टिकवर काळी नक्षी उमटली असेल तर मात्र पुसून भागत नाही. तो कोळसा झालाय, आणि कोळशातून वीज वाहते. खरवडून काढा नाहीतर तो तुकडाच बदला.

एचटी वायर स्विचच्या वायरींबरोबर एकाच गठ्ठ्यात बांधू नका, तिचा दंगा स्विचच्या वायरींत शिरतो. बॉल कुठेच लागलेला नसताना स्कोअर वाढायला लागला, तर मी आधी तो गठ्ठा सोडतो.

११० चं मशीन, २३० चं घर

अमेरिकेतून आलेलं मशीन ११५ व्होल्ट, ६० सायकलचं. पुष्कळ मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या मॅन्युअलप्रमाणे बदलून ते २३० वर चालवता येतं. पण निऑनचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल तर त्याच्यावरची पट्टी स्वतंत्रपणे वाचा. फक्त ६० सायकलसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो.

त्याहून वाईट सवय म्हणजे चपट्या पिनांवर वीस रुपयांचा कन्व्हर्टर चढवणं. त्यात बहुतेक वेळा अर्थिंग गायब होतं. जुन्या ठाण्यातल्या काही इमारतींत भिंतीतलं अर्थिंगही नावालाच असतं. हाय टेन्शन असलेल्या लोखंडी पेटीला अर्थ नाही, आणि समोर घरातली पोरं अनवाणी उभी राहून फ्लिपर मारतायत. इथे मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो. आधी वायरमन बोलवा, मग मला.

दार उघडलं म्हणजे करंट गेला, हा समज

नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच मशीनमध्ये कॉइन डोअर, म्हणजे समोरचं नाणी टाकायचं दार, उघडलं की फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या कॉइलचा ५० व्होल्टचा सप्लाय तुटतो. फक्त तोच. बाकीचं सगळं जिवंत राहतं. त्यात नारिंगी ठिपक्यांचा डिस्प्लेही आला. तोसुद्धा निऑनचाच भाऊबंद, आत गॅस आणि शंभरहून जास्त व्होल्ट. ठिपके फिके पडले किंवा ओळी गायब झाल्या, तर व्होल्टेज वाढवून बघू नका. वयोमानाने थकलेल्या पॅनेलला तो उपाय नाही. त्याच मापाचा एलईडी डिस्प्ले मिळतो. नारिंगीची ती ऊब त्यात नसते, पण स्कोअर वाचता येतो.

ट्यूब करकचून बांधणं

मशीन खेळताना हादरतं आणि ऐंशी ग्रॅमचा पोलादी गोळा आत धावत असतो. झिप टायने आवळलेली काच तडकणारच. आधार मऊ आणि थोडा सैल ठेवा, पुढे पॉलीकार्बोनेटचा आडोसा द्या. फुटलीच, तर रंग आठवा. साध्या पारदर्शक काचेतला लाल निऑन असेल तर नुसती काच उचलायची. निळी किंवा पांढरी असेल तर आत पारा असण्याची शक्यता धरा. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू किंवा व्हॅक्यूम न फिरवता जाड कागदाने तुकडे गोळा करून डब्यात बंद करा.

ऐरोलीच्या मशीनचं सांगायचं राहिलं. एका टोकाची टोपी कडक होऊन चिरली होती आणि तिच्याखाली प्लायवर नखाएवढा काळा डाग. डाग खरवडला, दोन्ही टोप्या बदलल्या, एचटी वायर दोन बोटं वर उचलून बांधली. काचेला हात लावला तो फक्त पुसायला. गृहस्थांनी बिल बघून विचारलं, "एवढंच?" आणि लगेच खेळायला बसले.