ड्रोनसाठी बॅग कशी निवडावी

ड्रोनची बॅग घ्यायला गेलेला माणूस आधी कापड चाचपून बघतो, मग कप्पे मोजतो. मी सरळ चेन उघडून आत हात घालतो. बॅग बाहेरून आपटून ड्रोन मोडल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय. बॅगेच्या आतल्या दाबाने बिघडलेले मात्र बरेच पाहिलेत, त्यातला एक माझा स्वतःचा. त्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, त्यामुळे हातातला ड्रोन गेला की तसाच दुसरा आणणं सोपं राहिलेलं नाही. म्हणून बॅगेची निवड घाईत उरकू नका.

कशाने जाणार?

दुचाकी किंवा पायी चालणं असेल तर पाठीवरची बॅग. सामान एसटीच्या डिकीत किंवा ट्रेनच्या बर्थखाली जाणार असेल, म्हणजे त्यावर दुसऱ्यांच्या बॅगा पडणार असतील, तर कडक पेटी. ड्रोनच्या कॉम्बोबरोबर, म्हणजे ड्रोन आणि सुट्या सामानाच्या संचाबरोबर, मिळणारी खांद्याची बॅग गच्चीवर जाण्यापुरती ठीक आहे, तिच्या भरवशावर प्रवास करू नका. दोन्ही कामं एकीतच भागवणारी बॅग शोधण्यात मी दोन वर्षं घालवली. तशी बॅग मला मिळाली नाही.

माप

माप स्वतः घ्या: ड्रोन मिटलेला, पंखे लावलेले, गिंबलचं (कॅमेरा तोलून धरणाऱ्या भागाचं) कव्हर चढवलेलं. माहितीपत्रकातल्या मापावर विसंबू नका. माविक ३ या ड्रोनचं मिटलेलं माप २२१ × ९६.३ × ९०.३ मिलिमीटर असं दिलेलं असतं, पण ते पंखे काढून घेतलेलं आहे. पंखे बॅगेत वाकलेल्या अवस्थेत आठवडाभर राहिले तर त्यांना बाक येतो आणि ड्रोन हवेत थरथरायला लागतो. पंखे बांधायचा पट्टा वेगळा मिळतो, तो घ्याच.

गिंबलभोवतीची जागा

खरी परीक्षा इथे आहे, आणि दुकानदार नेमकं इथेच चुकीचं सांगतात. "एकदम फिट बसतो बघा, जराही हलत नाही," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. ड्रोनचं धड घट्ट बसायला हवं हे खरं. पण गिंबल म्हणजे तीन छोट्या मोटरींवर तोललेला कॅमेरा. त्याच्या हातातून कागदासारखी पातळ रिबन केबल गेलेली असते. त्या भागाला काहीही टेकता कामा नये. फोम कितीही मऊ असला तरी तो टेकला म्हणजे दाब आलाच.

मी पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला दुचाकीवर गेलो होतो, समुद्रावरचा पहाटेचा उजेड टिपायला. नव्या बॅगेत ड्रोनच्या आकाराचा कप्पा होता आणि त्यात ड्रोन नाक खाली करून बसायचा. मला वाटलं, बनवणाऱ्याने विचार करूनच तसं केलं असणार. पहाटे वाळूवर ड्रोन चालू केला तर कॅमेऱ्याने मान टाकलेली, दोन झटके दिले आणि स्क्रीनवर गिंबल मोटर ओव्हरलोडची सूचना आली. नंतर दुरुस्ती करणाऱ्याने उघडून दाखवलं. कव्हरची क्लिप अर्धी सुटली होती, गिंबलचा हात दाबाखाली वळला होता आणि रिबन केबल कडेने चिरली होती. बॅगेवर बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता.

त्यामागचं कारण मग लक्षात आलं. बॅग पाठीवरून उतरवून आपण जमिनीवर ठेवतो तेव्हा ती बुडावर आदळते. चहाला थांबलो, पेट्रोलला थांबलो, दर वेळी एक आदळ. ड्रोन नाक खाली करून बसला असेल तर तो प्रत्येक धक्का गिंबलवर जातो. म्हणून उभ्या कप्प्यात ड्रोन शेपटीवर बसवा, नाक वर. शेपटीखाली किमान दोन बोटं जाडीचा फोम हवा. आडव्या कप्प्यात तो पोटावर ठेवायचा असेल तर नाकाखालचा फोम खोल कापून तिथे पोकळी ठेवा. नाक खाली ठेवायला लावणारी बॅग फुकट मिळाली तरी घेऊ नका.

जागा पुरेशी आहे की नाही ते डोळ्यांना कळत नाही, कारण झाकण लागल्यावर आतलं दिसत नाही. त्यासाठी मी कणीक वापरतो. सैलसर भिजवलेल्या कणकेची लिंबाएवढी गोळी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि गिंबलच्या कव्हरवर ठेवायची. मग बॅग प्रवासाला निघताना भरतो तशी पूर्ण भरायची. रिमोट, चार्जर, वरच्या कप्प्यातलं जर्किन, सगळं. चेन लावायची, वरून हाताने दाबायचं आणि उघडून बघायचं. गोळीची जाडी बोटभर तरी उरली पाहिजे. तिची चपाती झाली असेल तर तेवढाच दाब वाटेत कव्हरवर येणार होता असं समजा. रिकामी बॅग या परीक्षेत नेहमी पास होते. बहुतेक बॅगा नापास होतात त्या वरचा कप्पा भरल्यावर, कारण मधला पडदा नुसत्या कापडाचा असतो आणि तो खाली झुकतो. मधला पडदा कडक हवा, ही माझी पहिली अट.

पेटी घेतलीत तर फोम तुम्हालाच कापावा लागेल. चौकोनी तुकडे उपटायचा फोम मिळतो, त्यात घाई करू नका, कारण उपटलेला तुकडा परत नीट बसत नाही. आधी ड्रोनची आकृती कागदावर काढा आणि कागद फोमवर ठेवून बघा. धडाच्या बाजूंना आकृतीपेक्षा किंचित आत कापा म्हणजे पकड येते, नाकापाशी दोन सेंटिमीटर बाहेर कापा. शक्य असेल तर ईव्हीए किंवा पॉलिइथिलीनचा घट्ट फोम घ्या. साधा मऊ स्पंजासारखा फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो, त्याचा भुगा सुटतो आणि तो भुगा मोटरीत शिरतो.

दुचाकीवाल्यांनी बॅग पाठीवरच ठेवावी, टाकीवर किंवा मागच्या कॅरिअरवर बांधू नये. इंजिनची थरथर शरीरात बरीच जिरते, लोखंडी कॅरिअरवर ती थेट पोचते. मोठ्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. गिंबल तर त्याहून नाजूक.

विमानप्रवास आणि बॅटऱ्या

सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत, त्या हातातच हव्यात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. आकडा बॅटरीवर छापलेला असतो. नसेल तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा: माविक ३ ची बॅटरी १५.४ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर, म्हणजे ७७.

बॅग निवडताना याचा संबंध असा की बॅटऱ्यांचा कप्पा सुटा निघणारा हवा. काउंटरवर कुणी "ड्रोन चेक-इनला द्या" म्हणालं, तर रांग अडवून एकेक बॅटरी शोधत बसता येत नाही. माझ्या बॅटऱ्या वेगळ्या पाऊचमध्ये असतात, प्रत्येकीच्या टोकांवर टोपी किंवा टेप. हातातल्या सामानाची मर्यादा देशांतर्गत प्रवासात साधारण ७ किलो असते, त्यामुळे रिकाम्या बॅगेचंच वजन दीड किलोच्या वर असेल तर ती परत ठेवून द्या. इंडिगोच्या ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या चौकटीत ती बसते का, तेही घरीच मोजून बघा.

पाऊस

'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या बॅगेची चेन बहुतेक वेळा वॉटरप्रूफ नसते. रेनकव्हर हवंच, आणि ते बुडाशी वेगळ्या कप्प्यात असावं, म्हणजे भिजलेलं कव्हर ड्रोनशेजारी जात नाही. रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत ठेवा. सह्याद्रीतल्या धुक्यातून किंवा समुद्रावरून परत आलात की त्याच रात्री बॅग पूर्ण उघडून पंख्याखाली ठेवा, ड्रोन बाहेर काढा, फोमचे तुकडे सुटे करा. दुसऱ्या दिवशी फोमला हात लावून तो कोरडा लागला, तरच ड्रोन परत आत ठेवा.