पोकरवर पोट चालवणं थांबवायचं असेल तर

सलग हरून वैतागलेला माणूस पोकर सोडतो, तेव्हा तो बहुधा लवकरच परत टेबलावर दिसतो. सोडताना त्याचा हिशेब अर्धवट राहिलेला असतो, गेलेलं परत मिळवायचं असतं. उलट, चांगला महिना गेल्यावर सोडायचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून थांबायचं की नाही हे निकाल बघून ठरवू नका. निकाल या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाहीत, आणि ते का, हे साध्या गणितात दिसतं.

सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात १०० हँडमागे (हँड म्हणजे पानं वाटल्यापासून निकाल लागेपर्यंतचा एक डाव) चढ-उतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, साधारण १०० बिग ब्लाइंड (टेबलावरची सक्तीची मोठी पैज, नफा-तोटा तिच्या पटीत मोजतात) धरायला हरकत नाही. समजा तुम्ही खरोखरच १०० हँडमागे ३ बिग ब्लाइंड जिंकणारे खेळाडू आहात. १ लाख हँडनंतर तुमच्या सरासरीतली चूक १०० भागिले १००० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.२ बिग ब्लाइंड असते. याचा अर्थ असा की चांगला खेळाडू असूनही १ लाख हँडनंतर तोट्यात असण्याची शक्यता साधारण सहात एक आहे. समोरासमोरच्या टेबलावर तासाला ३० हँड मिळतात. आठवड्याला ३० तास बसलात तरी १ लाख हँडना दोन वर्षांहून जास्त लागतात. ओमाहा या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात चढ-उतार याहून मोठे असतात आणि टुर्नामेंटमध्ये तर विचारूच नका. ‘माझा खेळ बिघडलाय की नशीब वाईट आहे?’ याचा निकाल लागायच्या आत शरीर थकून जातं. हँडची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, म्हणजे ट्रॅकरमधली, ऑल-इन ईव्हीची (अपेक्षित कमाईची) रेषाही इथे फारशी कामाची नाही. ती फक्त रिव्हरच्या (टेबलावर उघडणाऱ्या शेवटच्या पानाच्या) आधी ऑल-इन झालेल्या, म्हणजे सगळे पैसे लागलेल्या, पॉटमधलं नशीब वजा करते. कुणाला कधी कोणती पानं आली, तुमचे किंग समोरच्याच्या एक्क्यांवर किती वेळा आपटले, याचा हिशेब तिच्यात नसतो.

आधी ओळखा: थकवा, बर्नआउट की व्यसन

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि कामाची पत घसरणं. ही संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणते.

पोकरमध्ये दुसरं लक्षण सगळ्यात आधी दिसतं. कच्चा खेळाडू वाटेल त्या पानांवर कॉल करतो (समोरच्याइतके पैसे लावतो) आणि रिव्हरला जिंकतो. धंदा म्हणून खेळणाऱ्याला त्याचा आनंद व्हायला हवा, कारण असे खेळाडूच त्याचं घर चालवतात. त्याऐवजी त्याचा राग यायला लागला, चॅटमध्ये त्याला शिकवावंसं वाटू लागलं, तर ते नुसत्या थकव्याचं चिन्ह नाही. आणखी काही खुणा: टेबल वाईट आहे हे कळूनही उठायचा कंटाळा, नंतर बघायला खूण केलेल्या हँडची यादी न उघडताच वाढत जाणं, सॉल्व्हर (योग्य खेळी काढून देणारं सॉफ्टवेअर) उघडून दोन मिनिटांत बंद करणं, सेशन चालू असताना पुन्हा पुन्हा कॅशिअर (साइटवरचा पैशांचा विभाग) उघडून शिल्लक बघणं.

मनाच्या साक्षीवर भागत नसेल तर ट्रॅकरला विचारा. पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजरमध्ये गेल्या तीन महिन्यांची सेशन काढा आणि दोन गोष्टी तपासा. पहिली, जिंकलेल्या आणि हरलेल्या सेशनची सरासरी लांबी. जिंकताना दीड तासात उठता आणि हरताना पाच तास बसता, असं असेल तर सेशन तुम्ही चालवत नाही, तोटा चालवतोय. दुसरी, पहिल्या तासातला व्हीपीआयपी (किती टक्के हँडमध्ये स्वतःहून पैसे घातलेत तो आकडा) आणि चौथ्या तासानंतरचा व्हीपीआयपी. इथे विन रेटची (१०० हँडमागच्या कमाईची) तुलना करू नका, त्यात वरचाच गोंधळ आहे. व्हीपीआयपी दोन-तीन हजार हँडमध्ये बऱ्यापैकी स्थिरावतो, त्यामुळे २४ चा २९ झालेला असला तर तो फरक खरा असतो. फक्त खेळाडूंच्या संख्येचा फिल्टर लावा. रात्री उशिरा टेबलं अर्धी रिकामी होतात आणि तेव्हा जास्त हँड खेळणं बरोबरच असतं. फिल्टर न लावता हा आकडा पाहिलात तर स्वतःवर उगाच ठपका ठेवाल.

व्यसन मात्र वेगळं. बर्नआउट झालेल्याला टेबलावर बसवत नाही, व्यसनात सापडलेल्याला उठवत नाही. डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात जुगाराच्या विकाराचे नऊ निकष आहेत आणि १२ महिन्यांत त्यांपैकी चार किंवा अधिक लागू पडले तर तो विकार मानतात. हरलेलं परत मिळवायला जाणं, घरच्यांपासून लपवणं, थरारासाठी लावायचे पैसे वाढवत जाणं, थांबलं की चिडचिड होणं, दुसऱ्याकडून पैसे घेऊन सुटका करून घेणं हे त्यातलेच. भाड्याचे किंवा उसने पैसे टेबलावर गेले असतील तर खालचा महिनाभराचा विराम तुमच्यासाठी नाही. आधी प्रत्येक साइटवर स्वतःला कायमचं बंद करून घ्या, पैशांचा ताबा घरातल्या एका माणसाकडे द्या आणि समुपदेशक गाठा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, बाकी सगळं मागाहून.

पैसे आधी बाहेर काढा, घोषणा नंतर

क्रम महत्त्वाचा आहे. साइटवर स्वतःला बंद करून घेतल्यावर अडकलेली रक्कम काढायची म्हणजे सपोर्टच्या मागे लागणं आलं. म्हणून आधी ओळखपत्राची पडताळणी पूर्ण आहे का ते बघा, दिवसाची आणि आठवड्याची काढण्याची मर्यादा बघा आणि हप्त्या-हप्त्याने सगळं बँकेत आणा. हे काम रेंगाळू देऊ नका. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने मोठ्या साइट्सवर कारवाई केली, तेव्हा फुल टिल्ट या साइटवर पैसे ठेवलेल्या अमेरिकी खेळाडूंना ते परत मिळायला २०१४ उजाडलं.

आलेल्या पैशांचे चार भाग करा. कर देणं असेल त्याचा पहिला. देणी दुसरा. घरखर्चाचा तिसरा, किमान सहा महिन्यांचा, आणि पुढचं काम ठरलेलं नसेल तर बारा महिन्यांचा. उरलेलं वेगळ्या खात्यात, कार्ड नसलेल्या. बँकरोल (खेळासाठी राखलेली रक्कम) हा शब्दच आता वापरू नका. त्या नावाने पैसे पडून राहिले की ते खेळण्यासाठीच आहेत असं मन धरून चालतं.

न सुटलेले (ठरावीक खेळ झाल्यावरच हाती येणारे) बोनस आणि टुर्नामेंटची तिकिटं यांचा मोह सोडा. ‘एवढा बोनस सुटला की थांबतो’ या वाक्यावर लोकांचे महिने गेले आहेत. पोकरस्टार्स या साइटच्या सुपरनोव्हा एलिट या दर्जासाठी एका वर्षात १० लाख पॉइंट लागत. ते पुरे करायला खेळाडू डिसेंबरभर दिवसरात्र बसत. २०१५ मध्ये तो टप्पा गाठलेल्यांचे २०१६ साठी कबूल केलेले फायदेही कंपनीने कापले. तिकिटाची किंमत लिहून काढा, तुमच्या तासाच्या खऱ्या कमाईने भागा आणि किती तास जाणार ते बघा. बहुतेक वेळा सोडून देणंच स्वस्त पडतं.

कुणी तुम्हाला स्टेक करत असेल, म्हणजे नफ्यातल्या वाट्यासाठी खेळायला पैसे पुरवत असेल, तर मेकअपचा प्रश्न येतो. मेकअप म्हणजे तुमच्या नावावर साठलेला तोटा, जो भरून निघेपर्यंत नफ्यात तुमचा वाटा सुरू होत नाही. खेळणं कायमचं सोडलं तर तो माफ होतो की पुन्हा खेळायला लागल्यावर उभा राहतो, हे करारावर अवलंबून आहे, आणि बरेचसे करार चॅटमधल्या दोन ओळींत झालेले असतात. म्हणून आत्ताच लेखी विचारून घ्या आणि उत्तर जपून ठेवा. इतर खेळाडूंना दिलेली उसनवारी, टुर्नामेंटमधल्या अदलाबदलीचे हिस्से, विकलेली ॲक्शन (तुमच्या निकालातला विकलेला हिस्सा) यांची एकच यादी करा: नाव, रक्कम, तारीख. थांबल्यावर तीन महिन्यांनी उसने पैसे मागणं फार जड जातं, कारण तोवर तुम्ही त्या गोटात नसता.

तीस दिवस, पूर्ण

सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहा. आठवडाभराची सुट्टी पुरत नाही, ती झोप भरून काढण्यातच जाते. या तीस दिवसांत खेळ नाही आणि खेळाच्या कडेकडेचंही काही नाही: स्ट्रीम नाही, हँडवर चर्चा करणारे ग्रुप नाहीत, सॉल्व्हर नाही, फोनवर ‘नुसतं बघायला’ ॲप नाही. ग्रुपवर एक ओळ टाका, ‘अमुक तारखेपर्यंत नाही’, आणि म्यूट करा. कारणं देत बसलात तर वाद होतो आणि वादात हमखास एखादा हँड निघतो.

पहिल्या आठवड्यात झोपच वैरी असते. पहाटे चार ते दुपारी बारा असं झोपणाऱ्याने एकदम रात्री अकराला आडवं होऊ नये, छताकडे बघत पडाल. उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणा, उठल्याबरोबर बाहेर उजेडात जा, आणि झोपेच्या सहा तास आधीपासून कॉफी बंद. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात. चार वाजताची झोप अकरापर्यंत आणायची तर या गतीने तीन-चार आठवडे जातात, तेव्हा तिसऱ्या दिवशी निराश होऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, आणि तो लोकांना वाटतं त्यापेक्षा धोक्याचा असतो. मिनिटाला कित्येक निर्णय घ्यायची सवय लागलेल्या डोक्याला मंगळवारची दुपार असह्य होते. इथे दोन पळवाटा नेहमीच्या आहेत. एक, ‘फक्त रविवारचे मोठे टुर्नामेंट’. मोठ्या फील्डचं टुर्नामेंट खोलवर गेलं तर दहा-बारा तास सहज खातं, आणि सोमवारही त्यातच जातो. दुसरी, शेअर किंवा क्रिप्टोचं रोजचं ट्रेडिंग. तेच चढ-उतार, तीच स्क्रीन, आणि इथे तर तुमच्याकडे कच्च्या खेळाडूंवरची आघाडीही नाही. या महिन्यात दोन्ही बंद. सकाळची एक ठरावीक वेळ असलेली गोष्ट मात्र हवीच, व्यायाम असो की क्लास. तिथे तुमची कुणीतरी वाट बघत असलं तर ती टिकते.

तिसाव्या दिवशी खेळावंसं वाटतंय का, हे विचारू नका. ते वाटणारच. अभ्यास करावासा वाटतो का, हे विचारा. बसून दोन तास आपल्याच चुका उलगडण्याची ओढ असेल तर विश्रांतीने काम केलं. मग एका वेळची टेबलं निम्मी करा, पैजेच्या रकमेची एक पातळी खाली या, रोजच्या तासांना मर्यादा घाला आणि तीन महिने तसं चालवा. खेळायचंय पण अभ्यास नको, असं असेल तर व्यवसाय म्हणून पोकर संपलं आहे. ओळखीतल्या खेळाडूंना विचारायला जाऊ नका. ते स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देतात.

पुढचं काम

पगाराची तुलना करण्याआधी पोकरची खरी ताशी कमाई काढा. ट्रॅकरमधल्या नफ्यात रेकबॅक (साइटने कापलेल्या कमिशनपैकी परत मिळणारा भाग) मिळवा. त्यातून सॉफ्टवेअर, कोचिंग, प्रवास, टिप्स आणि स्टेक देणाऱ्याचा वाटा वजा करा, आणि सगळ्या तासांनी भागा, म्हणजे अभ्यास आणि टेबलासाठी थांबण्याचे तासही धरून. वर्षाला १२०० तास खेळ आणि ४०० तास बाकीचं असेल तर तुम्ही मानत होता ती ताशी कमाई तिथल्या तिथे चौथ्या हिश्शाने घटते. नोकरीच्या बाजूला पगारी रजा आणि विमाही धरा.

बायोडेटातली वर्षं लपवू नका आणि फुगवूही नका. ‘दबावाखाली निर्णय घेण्याची क्षमता’ हे वाक्य समोरच्याने खूपदा वाचलेलं असतं. दाखवता येण्यासारखं काहीतरी न्या. पोकरट्रॅकर ४ चा डेटा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठतो, म्हणजे तुमच्याकडे लाखो ओळींचा खरा डेटा आधीच आहे. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकून त्यातून तीन प्रश्नांची उत्तरं काढा, आलेख बनवा, चूक किती असू शकते तेही लिहा. विश्लेषण किंवा रिस्कच्या कामासाठी हे बोलून दाखवण्यापेक्षा कितीतरी चांगलं. सॉफ्टवेअरची वर्गणी बंद करण्याआधी या डेटाबेसचा बॅकअप घ्या, कराच्या चौकशीतही तो लागू शकतो.

व्हॅनेसा सेल्ब्स्टने २०१७ च्या अखेरीस पूर्णवेळ पोकर सोडलं आणि ती ब्रिजवॉटर या हेज फंडात गेली. तिच्याकडे येलची कायद्याची पदवीही होती, हे विसरू नये. पदवी नसेल तर पहिली नोकरी पायरीने खालची मिळेल हे धरून चला, त्याचसाठी बारा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे. पहिले काही पगार फिके वाटतात. महिनाअखेरीस तोच आकडा येतो, त्यात थरार नसतो. याच काळात परत जावंसं वाटतं, तेव्हा स्टेकची ऑफर आली तर उत्तर आठवड्याने द्या.

मित्रांबरोबर खेळायचं असेल तर

फेडोर होल्झने २०१६ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी पूर्णवेळ खेळणं थांबवल्याचं जाहीर केलं आणि नंतर तो अधूनमधून मोठ्या स्पर्धांत दिसत राहिला. म्हणजे दार कायमचं लावावंच लागतं असं नाही. बर्नआउट असेल तर सहा महिन्यांनी छंद म्हणून खेळायला हरकत नाही, व्यसन असेल तर कधीच नाही. महिन्याला एक ठरलेली रक्कम, ती संपली की पुढच्या महिन्यापर्यंत बंद. ट्रॅकर आणि हड (समोरच्यांचे आकडे टेबलावरच दाखवणारं सॉफ्टवेअर) नको, आणि उठायची वेळ बसण्याआधी सांगून ठेवलेली. पैजेच्या जुन्या पातळीवर जाऊ नका. तुमचा विन रेट दोन वर्षांपूर्वीच्या खेळाडूंविरुद्धचा होता, आणि मधल्या काळात त्यांचा अभ्यास थांबलेला नाही.