चाकूच्या गार्ड-बोल्स्टरला रॉट आयर्न वापरताय? या चुका टाळा

गार्ड-बोल्स्टर म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधला धातूचा तुकडा, आणि रॉट आयर्न म्हणजे जुन्या पद्धतीचं रेषेदार घडीव लोखंड. पहिली चूक खरेदीतच होते. गेट-ग्रिल-झोपाळे बनवणाऱ्याकडे जाऊन "रॉट आयर्न द्या" म्हटलं की तो जे देतो ते माइल्ड स्टील असतं, नुसतं पीळ देऊन काळा रंग मारलेलं. खरं रॉट आयर्न आता धंदा म्हणून कोणी बनवत नाही, इंग्लंडात बोल्टनचा शेवटचा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला, म्हणजे मिळालं तर जुन्यातच मिळणार. बैलगाडीच्या चाकाची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी), नांगराची साखळी, वाड्याच्या कड्या-कोयंडे असलं काहीतरी. पण नुसतं जुनं दिसतंय म्हणून पैसे मोजू नका, अलीकडच्या धावा माइल्ड स्टीलच्याच आहेत. हॅकसॉने अर्ध्यापर्यंत काप घ्या, व्हाइसमध्ये धरून वाकवा. उसाचं कांडं पिचल्यासारखे रेषे सुटले तर माल खरा, तुकडा साफ तुटला तर नाही. झिंक चढवलेला तुकडा असेल तर भट्टीत अजिबात नको, तो धूर विषारी असतो.

दुसरी चूक तावाची, म्हणजे लोखंड किती तापवायचं याची, आणि सगळ्यात जास्त तुकडे इथेच वाया जातात. या लोखंडात साधारण १ ते ३ टक्के स्लॅग (काचेसारखा मळ) असतो, ठोकून ठोकून लांब धाग्यांसारखा पसरलेला, आणि लाल तावात हातोडी मारली की नेमके त्याच रेघांवर पदर सुटतात. माइल्ड स्टीलला जे चालतं ते इथे चालत नाही. चांगला पिवळा ताव येऊ द्या, केशरीवर उतरला की हात थांबवा आणि परत भट्टीत. पदर सुटलाच असेल तर आधी वायर ब्रशने खवले काढा, टाकणखार टाका, वेल्डिंगच्या तावापर्यंत न्या आणि सुरुवातीला हलक्या हाताने दाबून घ्या, जोरात घातलात तर अजून उघडेल.

गार्डचा स्लॉट, म्हणजे टँग जायची खाच, ड्रिल मारून कानशीने पूर्ण करा. टँग (पात्याचा मुठीत जाणारा भाग) ठोकून बसवायचा मोह होतो, पण मग स्लॉटच्या टोकापासून रेषेच्या दिशेने चीर जाते.

आता एचिंग, म्हणजे ॲसिडने लोखंड थोडं खाऊन त्यातल्या रेघांचं डिझाइन उठवणं. फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज. एक भाग ते, तीन-चार भाग पाणी, प्लास्टिकच्या डब्यात, हातमोजे घालून, आणि हे सगळं चाकू जोडायच्या आधी, नाहीतर ॲसिड मुठीत शिरतं आणि पातंही खातं. रात्रभर बुडवून झोपू नका. अर्ध्या तासाने काढा, घासा, बघा, हवं तर परत टाका. लोक हमखास विसरतात ते म्हणजे स्लॉटच्या आतल्या बाजूला नेलपॉलिश लावायचं, कारण ॲसिड तिथलंही लोखंड खातं आणि छान घट्ट बसलेला गार्ड नंतर खुळखुळतो.

डिझाइन उठतच नाही? आधी ॲसिटोनने तेल पुसा, मग नवीन सोल्यूशन घ्या. तरीही सपाटच राहिलं तर बहुतेक तुम्हाला माइल्ड स्टील विकलंय.

आठवड्याभराने रेघांमधून तांबूस गंज पाझरायला लागला तर समजा ॲसिड आत राहिलंय. खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळा, हीट गनने पूर्ण सुकवा, गरम असतानाच मेण चोळा. कोकणात पावसाळ्यात हे मेण परत परत लावावं लागेल. स्वयंपाकाच्या सुरीला तर मी हे वापरणारच नाही, लिंबू-कोकम लागलं की काळं पडतं.