टेनोफोव्हिर चालू आहे? मग या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर वर्षानुवर्षं उभा आहे आणि टेनोफोव्हिरच्या, म्हणजे हिपॅटायटिस बी (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) आणि एचआयव्हीवरच्या गोळीच्या, बाबतीत तोच एक घोळ बघून आता खरंच कंटाळा आलाय. "रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद करू का?" असं विचारणारा माणूस परवडला, निदान विचारतो तरी. न विचारता बंद करतात ना, त्यांची धास्ती वाटते.

आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, हिपॅटायटिस बी वालं. गोळी एकदम शिस्तीत चालू, एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती ते सांगणारी टेस्ट) नॉट डिटेक्टेड, एसजीपीटी (यकृताची टेस्ट) नॉर्मल. मग मेहुण्याने डोक्यात भरवलं की इतकी वर्षं इंग्लिश गोळी खाऊन किडनी जाते, त्यापेक्षा अमक्या गावात काविळीचं औषध देतात ते घे. गोळी बंद, झाडपाला सुरू, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, काविळ उतरली म्हणून घरचे सगळे खूश. काही महिन्यांनी डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी, एसजीपीटी हजाराच्या वर आणि माणूस थेट ॲडमिट. वाचला बिचारा. डिस्चार्जच्या कागदावर पहिलंच औषध काय, तर टेनोफोव्हिर.

अहो, ही गोळी विषाणूला नवीन प्रती काढू देत नाही, एवढंच तिचं काम. हिपॅटायटिस बी चा विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रात आपला डीएनए ठेवून बसलेला असतो, त्याला ती उपटत नाही. हरळी वरून कापत राहावी तसलं हे. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे गोळी काम करतेय, आजार गेला असं नाही. काही जणांची गोळी डॉक्टर थांबवतात, उदाहरणार्थ एचबीएसएजी (रक्तातली हिपॅटायटिस बी ची खूण) निगेटिव्ह होऊन तसाच टिकला तर, पण त्यानंतरही तपासण्या चालूच असतात. मेहुण्याने थांबवायची गोष्ट नाही ती.

दुसरा घोळ म्हणजे गूगल. नाव टाकलं की "एचआयव्हीचं औषध" असं येतं, घरात संशय, रडारड, आणि गोळ्या कचऱ्यात. दोन्ही विषाणू प्रती काढताना रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम वापरतात, म्हणून एकच औषध दोन्हीकडे चालतं, विषय संपला. पण एक फरक डोक्यात पक्का ठेवा. नुसत्या हिपॅटायटिस बी ला टेनोफोव्हिर एकटं चालतं, एचआयव्हीला एकटं कधीच नाही, तिथे ते इतर औषधांबरोबरच द्यावं लागतं. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, मिळते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० एकाच गोळीत. आता एखाद्याला दोन्ही आजार आहेत, एचआयव्हीची टेस्ट केलीच नाही, आणि नुसतं टेनोफोव्हिर चालू केलं, तर एचआयव्ही त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून सुरू करायच्या आधी टेस्ट. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, फुकट होते, लाजायचं काय त्यात? उलटंही होतं बरं का, एचआयव्हीचं औषध बदलताना त्यातलं टेनोफोव्हिर गेलं की दबलेला हिपॅटायटिस बी उसळतो, तेव्हा दोन्ही आजार असतील तर प्रत्येक डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

बाकीचं पटापट. टेनोफोव्हिर दोन प्रकारात येतं, टीडीएफ ३०० मिलिग्रॅमची असते, टीएएफ २५ ची. २५ आकडा छोटा म्हणून "डोस कमी पडतोय" असं ठरवून दोन्ही एकत्र घेणारे महाभाग मी पाहिलेत, कृपा करून नको. परदेशातून आलेल्या बाटलीवर २४५ दिसलं तरी घाबरू नका, ती आपली ३०० चीच, नुसती मोजायची पद्धत वेगळी.

एक दिवस गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी डबल नाही.

कंबर दुखली की चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक मागायला येतात, त्यांना मी सरळ परत पाठवतो. टीडीएफवर किडनीकडे लक्ष ठेवावं लागतं, त्यात वरचेवर पेनकिलर म्हणजे दुहेरी मारा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करायची, बरं वाटतंय म्हणून टाळायची नाही.

टीएलडीवाल्यांनी ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या सोबत गिळू नयेत, डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही. टीएलडी आधी घेऊन दोन तासांनी ते घ्या, किंवा ते घेतल्यावर सहा तासांनी टीएलडी.

भावालाही हिपॅटायटिस बी निघाला म्हणून आपल्याच बाटलीतल्या गोळ्या त्याला देऊ नका, प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला लगेच औषध लागतंच असं नाही. घरच्यांची एचबीएसएजी टेस्ट मात्र कराच आणि निगेटिव्ह असतील त्यांना लस, तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. पहिला घेऊन गायब होतात लोक!

पैशाची अडचण असेल तर गोळी बंद करण्याआधी सरकारी हॉस्पिटलात विचारा, २०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात हिपॅटायटिस बी चं औषधही मोफत आहे. आणि बाटलीत आठ-दहा गोळ्या उरल्या की पुढची आणून ठेवा, ऐन दिवाळीत शटर वाजवत येऊ नका.