कल्पित जगातला नद्यांचा डोंगर: आधी वारा, मग पाणी

कल्पित जगाचा नकाशा काढायला बसलं की मधोमध एक उंच पर्वत येतो, त्याच्या शेंड्यावर बर्फाची टोपी चढते आणि टोपीखालून चार दिशांना चार निळ्या रेघा निघतात. या चित्रामागे मेरू आहे. पुराणांत गंगा मेरूवर उतरते आणि सीता, अलकनंदा, चक्षु, भद्रा अशा चार धारांनी चहूकडे जाते. पण तिथे गंगा आकाशातून येते, म्हणजे पाणी कुठलं हे आधीच सांगून झालेलं असतं. तुमच्या डोंगरावर आकाशगंगा उतरत नसेल तर हिशोब तुम्हालाच मांडावा लागेल. डोंगर पाणी बनवत नाही. तो वाऱ्यातलं बाष्प अडवतो, पाऊस पाडतो आणि ते पाणी काही काळ धरून ठेवतो. म्हणून पहिली रेघ नदीची नको, वाऱ्याची हवी.

आलेखाचा कागद घ्या आणि 1 सेंटीमीटरला 5 किलोमीटर हे प्रमाण धरा. समुद्र कुठल्या बाजूला आहे ते ठरवा आणि तिकडून येणाऱ्या बाष्पाच्या वाऱ्याचा ठळक बाण काढा. आता डोंगर: पायथ्याची त्रिज्या 20 किलोमीटर, उंची 4500 मीटर. कागदावर हे 8 सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ होतं. त्यात दर 500 मीटरला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, आखा. या रेषा एकसारख्या गोल ठेवू नका, घळी आणि सोंडांप्रमाणे आतबाहेर वळवा. नद्या याच घळींतून उतरणार आहेत. नदी ओलांडताना समोच्च रेषेचं टोक नेहमी उगमाकडे वळतं. ते उलट काढलं तर नदी सोंडेवरून चालायला लागते. नवख्यांच्या नकाशात ही चूक हमखास दिसते.

आता बर्फ. उंचीनुसार तापमान दर 1000 मीटरला साधारण 6.5 अंशांनी उतरतं. समुद्रपातळीला सरासरी 26 अंश सेल्सियस धरलं तर शून्य अंश येतो 4000 मीटरवर, म्हणजे कायमचं बर्फ फक्त शेवटच्या 500 मीटरवर. शंकूच्या हिशोबाने हा भाग जेमतेम 15 चौरस किलोमीटरचा आहे, पूर्ण डोंगर मात्र 1250 चौरस किलोमीटरहून मोठा. त्या टोपीवर वर्षाला एक मीटर पाण्याइतका हिम पडला आणि सगळा वितळला, तरी प्रवाह भरतो सेकंदाला अर्धा घनमीटर. एवढ्यावर एखादा ओढा वाहील, चार नद्या नाहीत. किलिमांजारोवरून उतरणाऱ्या नद्यांचंही बहुतेक पाणी शिखरावरच्या बर्फाचं नसून उतारावरच्या जंगलपट्ट्यातल्या पावसाचं आहे. टोपी दिसायला छान, पण नद्यांचा खरा साठा तिच्या खाली असतो.

नदीचा आकार काढायला एकच गुणाकार लागतो: पाणलोट क्षेत्र (जिथलं पाणी त्या नदीत येतं तेवढा भाग) गुणिले वर्षाचा पाऊस गुणिले त्यातला नदीत उतरणारा वाटा. डोंगराचे चार समान भाग केले तर प्रत्येकी 314 चौरस किलोमीटर येतात. वाऱ्यासमोरच्या भागावर 3000 मिलिमीटर पाऊस आणि 0.7 वाटा धरा. भागिले वर्षाचे 3.15 कोटी सेकंद, की प्रवाह येतो सेकंदाला सुमारे 21 घनमीटर. वाऱ्याआडच्या भागावर 600 मिलिमीटर पाऊस आणि 0.3 वाटा धरला तर येतात फक्त 1.8. दोन्ही बाजूंच्या मधल्या भागांवर 1500 मिलिमीटर आणि निम्मा वाटा धरल्यास प्रत्येकी साडेसात. म्हणजे एकाच डोंगरावरून एक दणदणीत नदी, दोन मध्यम आणि एक केविलवाणी. चार सारख्या नद्यांपेक्षा हे चित्र कितीतरी जिवंत आहे. पहिली नदी एक मीटर प्रतिसेकंद वेगाने, 70 सेंटीमीटर खोल वाहिली तर 30 मीटर रुंद होईल. ओझं घेऊन ती ओलांडणं जिवावरचं काम. चौथी गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत पार होते. सैन्य कुठून उतरेल आणि पूल कुठे लागेल, हे इथेच ठरतं.

ही तफावत अतिशयोक्त वाटत असेल तर हवाईतल्या कौआई बेटाकडे पाहा. वायआलेआले शिखरावर वर्षाला 9000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवरचा पश्चिम किनारा कोरडा आहे.

वरचे आकडे वर्षाच्या सरासरीचे आहेत. सगळा पाऊस चार महिन्यांत पडत असेल तर त्या काळात नदी सरासरीच्या तिप्पट वाहील. उरलेल्या आठ महिन्यांचं काय, ते खडक ठरवतो. अखंड ग्रॅनाइटवरून पाणी घसरून जातं, म्हणजे पुरानंतर कोरडं पात्र. ज्वालामुखीची सच्छिद्र राख आणि भेगाळ लाव्हा पाणी पितात आणि पायथ्याच्या झऱ्यांतून ते वर्षभर सोडतात. चुनखडीत ओढे मध्येच गडप होतात आणि दूर कुठेतरी भल्या मोठ्या झऱ्याच्या रूपाने वर येतात. लपवालपवीच्या कथेला हा खडक फार सोयीचा. हिमनदीवरची नदी वेगळीच वागते: ती उन्हाळ्यात फुगते, दुपारनंतर चढते, पहाटे उतरते, आणि खडकाच्या पिठासारख्या पुडीमुळे दुधाळ दिसते. तिचं पाणी निळंशार लिहू नका.

रेघा ओढताना उपनद्या एकमेकींना मिळू द्या, फुटू देऊ नका. वरून खाली येताना पाणी एकत्र होत जातं. फाटे फुटतात ते गाळाच्या सपाट भागात आणि मुखाशी. ओरिनोकोतून फुटून ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाणारा कासिकियारे प्रवाह खराच आहे, पण तो अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे. तळ्याला दोन तोंडं देण्याचा मोहही आवरा: जे तोंड आधी खोल झिजतं ते सगळं पाणी ओढून घेतं. नदीने पर्वतरांग कापून पलीकडे जावं असं वाटत असेल तर नदी रांगेहून जुनी करा. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा हिमालय चिरून येतात त्या याच कारणाने.

पायथा घाईत काढू नका. उतार एकदम मंदावला की नदी दगडगोटे टाकून देते आणि पंख्याच्या आकाराचा ढीग तयार होतो. त्यात लहान ओढे जिरतात आणि पुढे दलदलीत, झऱ्यांत वर येतात. हिमालयाखालच्या भाबर आणि तराई पट्ट्यांत हेच घडतं. गावं गोट्यांच्या कोरड्या पट्ट्यात नकोत, झऱ्यांच्या ओळीवर वसवा.

शिखरावरूनच धबधबे पाडायचे असतील तर शिखर टोकदार ठेवून चालणार नाही, कारण टोकाच्या वर पाणलोटच नसतो. माथा सपाट करा. दक्षिण अमेरिकेतला रोराइमा हा असाच सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्याच्यावरून ओरिनोको, ॲमेझॉन आणि एसेक्विबो अशा तीन खोऱ्यांना पाणी जातं.

एवढं करूनही टोकावर जादूचा झरा हवाच असेल तर खुशाल ठेवा, पण एकच, आणि त्याला आकडा द्या. सेकंदाला 50 घनमीटरचा झरा शंकूची एक बाजू खोल चिरून टाकेल, म्हणून तिथली घळ बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठी काढा. त्या नदीला ऋतू नसेल, दुष्काळातही ती तशीच वाहील, आणि ती वाऱ्याआडच्या कोरड्या बाजूने उतरली तर तिथे तिचा काठ हाच सगळ्यात हिरवा पट्टा असेल.